गावाची परवानगी आणि घरची संमती: खेड्यात आरोग्य संशोधनासाठी माणसं कशी जोडावीत

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या १२ गावांत ३० वर्षांवरच्या ६०० जणांचा रक्तदाब आणि मधुमेहाचा अभ्यास करायचा आहे. प्रत्येक गावातून ५० जण, आता एकदा रक्ततपासणी आणि वर्षाने पुन्हा एकदा. नोव्हेंबरात पहिली दोन गावं घेतली. सरपंचांचं पत्र होतं, आशाताई बरोबर होत्या, तरी मतदारयादीतून काढलेल्या १०० नावांपैकी ३८ जणच आले, आणि त्यांतही साठीपुढचेच जास्त. उरलेल्या १० गावांत गावकऱ्यांना या कामात कसं सामील करून घ्यावं?

आधी न आलेल्या ६२ जणांचा हिशेब लावा. ते सगळे नकार देणारे नाहीत. मतदारयादीत मयतांची नावं वर्षानुवर्षं राहतात. मत गावात आणि संसार चाकणला किंवा वाळूजला, अशीही बरीच नावं असतात. नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं, म्हणजे ती तुमच्या निवडीत येतच नाही. आणि नोव्हेंबरात बीडच्या गावात ऊसतोडीच्या घरांना एक तर कुलूप असतं, नाही तर ओसरीवर म्हातारा-म्हातारी आणि शाळेत जाणारं नातवंड. साठीपुढचेच का आले याचं निम्मं उत्तर इथेच आहे. हे सगळे ‘आले नाहीत’ या एका रकान्यात गेले की अभ्यासाला वाटतं गाव विरोधात आहे. खरा नकार किती, हे कळायला मयत, स्थलांतरित, हंगामी बाहेर, घरी असून न आलेले असे चार वेगळे रकाने करा. वर्गवारीला गावातली दोन जाणती माणसं घ्या, पण त्यांना एवढंच विचारा की हे माणूस सध्या गावात राहतं का. कोण आलं आणि कोण नाही, हे त्यांच्यापर्यंत जाता कामा नये.

आता मुद्द्याची गोष्ट. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या जातात हे गावातल्या कुणीही जुलैमध्ये सांगितलं असतं. विचारलं नाही. बहुतेक अभ्यासांत गावाला शेवटी बोलावलं जातं: प्रश्नावली छापून झाली, तारखा ठरल्या, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मान्यता आली, आता माणसं गोळा करायला मदत करा. तेव्हा गावाच्या हातात देण्यासारखं काही उरलेलंच नसतं. गावाला सामील करायचं तर कधी यायचं, कुठे बसायचं, कुणी विचारायचं, रक्त किती आणि कशासाठी, निकाल कसा द्यायचा, या गोष्टी गावाबरोबर बसून ठरवायला हव्यात आणि त्याप्रमाणे आराखडा बदलायची तयारी हवी. मंजूर आराखड्यात बदल झाला की तो समितीकडे दुरुस्ती म्हणून पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून पहिलं रक्त काढण्याआधी निदान ८ ते १० आठवडे या कामासाठी राखून ठेवा.

त्याच वेळी एक गोष्ट गावाच्या हातात कधीच द्यायची नाही: कोण सहभागी होणार. गावाची परवानगी म्हणजे वेशीतून आत यायची मुभा. संमती घराच्या उंबऱ्यावर आणि माणसागणिक वेगळी घ्यायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: समाजप्रमुखाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. हे कागदी बंधन नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प झाला. नंतरच्या चौकशीत ९,५४३ संमतीपत्रं तपासली गेली, तेव्हा त्यातल्या २,७६३ वर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या निघाल्या आणि १,९४८ वर अंगठे. मुली आदिवासी, आईबाप लांबच्या पाड्यांवर, आणि सही करायला सोयीचा माणूस समोर. ‘सरपंच हो म्हणाले, आता यादी संपवा’ ही घाई त्याच वाटेने जाते.

उलट बाजूला गडचिरोलीचं उदाहरण आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या स्त्रीरोगांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक आजार होता, आणि याआधी कधी अशी तपासणी-उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जी तपासणी बहुतेकींनी जन्मात करून घेतली नव्हती, तिला इतक्या बायका तयार होणं परिपत्रकाने घडत नाही. तिथेच १९९३ नंतर ३९ गावांमध्ये गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाईने घरात जाऊन नवजात बाळाचं वजन करणं, नोंदी ठेवणं, उपचार करणं हे काम झालं. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणीही पाहण्यासारखी आहे. १९८७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा रुग्णालयात बसून नोंदी मिळण्यासारखी स्थिती नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना लक्षणं समजावत आणि संशयित रुग्ण कुठे आहेत हे गावाकडूनच कळून घेत. या तीनही कामांत गाव माहितीचा धनी होतं, नुसतं रक्त देणारं नव्हतं.

आता तुमच्या १० गावांकडे. पहिलं, वेळ कोणती धरायची. वर्षाने तीच माणसं तपासायची आहेत, म्हणून पहिली फेरी अशा महिन्यात ठेवा की पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ती गावात असतील. बीडमध्ये टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि जूनमध्ये मृगाची पेरणी लागते, म्हणजे एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेअखेर ही खिडकी. ऊन आणि लग्नसराई या तिच्या दोन अडचणी. लग्नाच्या दाट तिथी पंचांग बघून वगळा आणि काम सकाळी साडेनऊला संपवा. श्रावण आणि नवरात्र मात्र मधुमेहाच्या अभ्यासाला टाळाच. उपवासाने साखरेचे आकडे आणि आहाराची उत्तरं दोन्ही बदलतात, शिवाय श्रावणात दारू-मटण सोडणारा माणूस ‘मी घेत नाही’ असं खरंच सांगतो. दुसऱ्या भागात हेच गणित वेगळं लागेल: कोकणात जुलैची भातलावणी, विदर्भात दिवाळीनंतरची कापूस वेचणी, गडचिरोलीत मार्च-एप्रिलची मोहफुलं आणि मेमधला तेंदूपत्ता. आठवडी बाजाराचा दिवस कुठेही वगळायचा. बाजारातच तपासणी लावू म्हणणारे असतात, पण तिथे कोण कुठल्या गावचं हेच कळत नाही आणि निवडीचा अर्थ संपतो.

दुसरं, यादी स्वतः करा. मतदारयादी सोडा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर, बरा आधार आहे, पण गायरानावरची, मळ्यातली, तांड्यावरची घरं त्यात अनेकदा सुटतात आणि नेमकी तीच घरं आरोग्यसेवेपासून सर्वांत लांब असतात. अडीचशे उंबऱ्यांच्या गावात दोघांची एक जोडी दिवसाला ४० ते ५० घरं नोंदवते. दोन जोड्या लावल्या तर तीन दिवस. सुरुवातीला गावकऱ्यांकडून जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्या: देऊळ, शाळा, टाकी, मग वस्त्या. हे काम अंगणवाडीच्या ओट्यावर बायकांकडून करून घ्या आणि पारावर पुरुषांकडून वेगळं. बायकांच्या नकाशात पुरुषांना न सुचलेली घरं निघतात: परित्यक्ता एकटी राहते ते खोपट, मळ्यातलं सालगड्याचं कुटुंब. कुलूपबंद घरं नकाशातून गाळू नका, ‘हंगामी बाहेर’ अशी खूण करा.

मग निवड. ५० जणांचं रक्त हवं असेल तर ७० जणांची यादी काढावी लागेल. काही परगावी, काही आजारी, काही खरे नकार. बदली माणूस आयत्या वेळी घ्यायचा नाही. ‘हा नाही तर शेजारचा घ्या’ म्हटलं की जो रिकामा आणि हौशी तोच यादीत येतो. एका घरातून एकच माणूस घ्यायचा असेल तर घरात ३० वर्षांवरचे जितके, तितक्या चिठ्ठ्या टाका आणि घरातल्याच कुणाला उचलायला सांगा. गावपातळीवरची चिठ्ठीही ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर उघड काढा: डब्यात नुसते घरक्रमांक, नावं नाहीत. ‘अमक्याच्या पार्टीचीच घरं घेतली’ हा आरोप गावात पहिल्या दोन दिवसांत उठतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निघालेल्या चिठ्ठीसारखं त्याला उत्तर नाही. ‘यादृच्छिक नमुना’ समजावत बसू नका. चिठ्ठी प्रत्येकाला कळते.

परवानगीचा क्रम चुकला की काम अडतं. जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग ग्रामपंचायत. पत्र सरपंचाच्या नावे असू द्या, पण भेट सरपंच, उपसरपंच आणि गेल्या निवडणुकीत हरलेल्या गटाचा माणूस, या सगळ्यांची त्याच दोन दिवसांत घ्या. फक्त सरपंचाच्या घरी चहा घेऊन निघालात तर उरलेल्या गावासाठी तुम्ही सरपंचाचे पाहुणे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. घरकुलाच्या यादीवरून वाद चाललेला असतो, तुमच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात आणि बायका तोवर उठून गेलेल्या असतात. ग्रामसभेआधीची महिला सभा आणि बचत गटाची मासिक बैठक इथे खरं बोलणं होतं. प्रत्येक वस्तीत एक बैठक धरून मध्यम गावाला चार-पाच लागतील. देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली तर काही समाजाची माणसं आणि पाळी चालू असलेल्या बायका येणार नाहीत, आणि का आल्या नाहीत हे सांगणारही नाहीत. शाळा किंवा अंगणवाडी बरी.

याच बैठकांतून प्रत्येक गावात ९ ते ११ जणांचा सल्ला गट तयार होतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर सगळीकडे असते. जिथे ती खरंच भरते तिथे नवा गट करू नका, तिच्यातच माणसं वाढवा. गटात प्रत्येक वस्तीचं एक माणूस, बचत गटाच्या दोघी, ऊसतोडीला जाणारं एक जोडपं, बाहेर कामाला जाणारा एक तरुण, मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेले एक-दोघं. सरपंच सदस्य असावा, अध्यक्ष नको. बैठक रात्री जेवणानंतर घ्या. दिवसा घेतली तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, कारण रोजंदारीवरची बाई फुकट बसू शकत नाही आणि मग गटात फक्त खाऊन-पिऊन सुखी घरं उरतात. गटाची कामं चार: माहितीपत्रक मोठ्याने वाचून कुठे अडतं ते सांगणं, वेळ-जागा ठरवणं, गावातल्या शंका-अफवा कानावर घालणं, निकाल गावाला सांगताना हजर राहणं. निवडलेल्यांची नावं गटाला दाखवायची नाहीत. मधुमेह कळला म्हणून मुलीचं जमत नाही, अशी भीती गावात खरी असते.

माहितीपत्रकाचं वाचन घाईने उरकू नका. पुण्या-मुंबईत भाषांतर झालेलं पत्रक गावात वाचलं की ‘ऐच्छिक सहभाग’, ‘गोपनीयता’, ‘जोखीम’ हे शब्द येतात आणि समोरचे चेहरे सपाट होतात. त्याऐवजी ‘तुमच्या मर्जीने, नाही म्हटलात तरी दवाखान्यात काही फरक पडणार नाही’, ‘तुमचं नाव कुणाला सांगणार नाही, सरपंचालाही नाही’, ‘सुई टोचेल, थोडं निळं पडेल, दोन-तीन दिवसांत जाईल’ असं लिहा. दोन पानांच्या वर जाऊ नका. वाचून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च असतं. ‘समजा तुमच्या जाऊबाईला सांगायचंय, तर काय सांगाल?’ असं विचारा. जाऊबाईला सांगताना ‘सरकारी तपासणी आहे, करावीच लागते’ असं निघालं, तर पत्रक चुकलं. गटाने बदललेलं पत्रक समितीकडून पुन्हा मंजूर करून घ्या.

आशाताईंचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि इथेच सर्वांत जास्त अभ्यास वाकडे जातात. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. तिच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग, आणि मोबदला बराचसा कामागणिक. तिला ‘माणूस आणलं की इतके रुपये’ असं ठरवलंत, तर ती पैशासाठी नव्हे तरी शब्दासाठी आपल्या भावकीतली, आपल्या गल्लीतली, नेहमी दवाखान्यात येणारी माणसं आणणार. दुसरी बाजू अशी की बाळंतपणापासून रुग्णवाहिकेपर्यंत जिच्यावर अवलंबून, त्या आशाताईला गावातली बाई ‘नाही’ म्हणू शकत नाही. तिच्यासमोर घेतलेली संमती म्हणून पातळ असते. यावर व्यवस्था अशी लावा: तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने आशाताईने घर दाखवावं, ओळख करून द्यावी आणि पुढच्या घराकडे निघावं. बोलणं आणि संमती तुमच्या माणसाने घ्यावी. मोबदला दिवसाचा, डोक्यामागचा नको. लसीकरणाच्या आणि मासिक बैठकीच्या दिवशी तिला बोलवूच नका. आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना आधी विश्वासात घ्या, नाही तर वरून फोन येतो आणि आशाताई तुमच्या आणि त्यांच्या मध्ये सापडते.

क्षेत्रकार्यकर्ते त्याच तालुक्यातले, बारावी झालेले, निम्म्या मुली असाव्यात. पण त्याच गावातले असू नयेत. यादी आणि नकाशाला गावची मुलगी उत्तम, मात्र दारू, पांढरं जाणं, नवऱ्याची मारहाण असे प्रश्न असतील तर तिच्यासमोर खरं उत्तर येणार नाही. पाच-सात किलोमीटरवरच्या गावची मुलगी बोलीत आपली असते आणि भावकीत परकी, तीच या कामाला बरी.

आता उंबऱ्यावरचा प्रसंग जवळून पाहू. यादीत सून आहे, वय ३४. दारात सासूबाई. कार्यकर्ती सासूलाच विषय सांगते, सासू म्हणते, ‘तिला काय झालंय? माझी शुगर बघा की.’ इथे दोन चुका होतात. एक, सासूचा राग नको म्हणून सुनेऐवजी सासूला घेतलं जातं. दुसरी, सासूला बाजूला सारून सुनेशी बोललं जातं आणि घर कायमचं बंद होतं. रीत अशी की सासूचा रक्तदाब तिथल्या तिथे मोजून द्यायचा, आकडा कागदावर लिहून हातात द्यायचा, आणि तो अभ्यासाच्या नोंदीत धरायचा नाही. मग चिठ्ठी सुनेच्या नावाची निघाली हे सांगायचं. सुनेशी बोलणं जिथे ती हात न थांबवता बोलू शकते अशा ठिकाणी: परसात भांड्यांजवळ, गोठ्यात. ‘मालक आल्यावर बघू’ म्हणाली तर तो आजचा निर्णय मानून संध्याकाळी पुन्हा जायचं. नवऱ्याने विचारलं तर त्याला सांगायचं, पण त्याची सही तिची संमती होत नाही आणि त्याचा आग्रहही नाही.

खेड्यात दारी आलेल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघू की’, ‘उद्या या’, ‘पेरणी होऊ द्या’, हे अनेकदा नकारच असतात. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, हा पुरेसा नियम. दुसऱ्यांदा ‘उद्या या’ आलं की स्वतःच वाट मोकळी करून द्या: ‘नको असेल तर तसं सांगा, वाईट वाटणार नाही.’ बरेचदा इथे सुस्कारा सुटतो आणि खरं कारण निघतं. कारण एका ओळीत लिहा, वाद घालू नका, आणि स्पष्ट नकारानंतर त्या घरी याच कामासाठी पुन्हा जाऊ नका. वीसेक घरांची कारणं एकत्र वाचली की दुरुस्ती कुठे हवी ते दिसतं. ‘वेळ नाही’ जास्त असेल तर वेळ बदला, ‘रक्त’ असेल तर माहिती.

सहीला लोक का कचरतात, तेही समजून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन सातबारा फिरवल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. म्हणून अंगठा घेण्याआधी पूर्ण कागद वाचून दाखवायचा, वाचता येणारा साक्षीदार तुमच्या पथकाबाहेरचा असायचा, आणि एक प्रत त्याच क्षणी घरात ठेवायची. ‘प्रत नंतर देऊ’ हे वाक्य संशयाला पुरतं. आधार क्रमांक मागू नका, ओटीपी येईल असं काहीही मोबाइलवर करू नका. गेल्या काही वर्षांत फसवणुकीने इतकी घरं पोळली आहेत की त्या एका शब्दाने दिवस वाया जातो. गळ्यात फोटोचं ओळखपत्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुणाचा तरी पडताळणीचा फोन नंबर, हे पत्रकावर असू द्या.

रक्ताबद्दलची भीती शब्दांनी कमी होते, पण दाखवल्याने लवकर जाते. ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा. बैठकीत सिरिंजमध्ये ५ मिली कुंकवाचं पाणी भरून चमच्यात ओतून दाखवा. नळ्या शक्य तितक्या कमी ठेवा. तीन रंगांच्या टोपणांच्या तीन नळ्या पाहिल्या की ‘बाटलीभर काढलं’ ही बातमी दुपारपर्यंत शिवारात जाते. उरलेल्या रक्ताचं काय करणार हे आधीच सांगा. साठवून पुढे दुसऱ्या तपासण्या करायच्या असतील तर त्याची संमती वेगळ्या ओळीत घ्या.

उपाशीपोटी तपासणीचा मोठा शत्रू पहाटेचा चहा. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन आठवण करा आणि स्वयंपाकघरात सांगा, कारण चहा करणारं माणूस वेगळं असतं. शेतमजूर बाया आठच्या आत कामाला निघतात, म्हणून सहाला टेबल लागलं पाहिजे. दोघी रक्त घेणाऱ्या असतील तर तासाला वीसेक जण होतात. एका सकाळी ३० पेक्षा जास्त बोलावू नका. रक्त दिल्याबरोबर पोहे आणि चहा, मधुमेहींना बिनसाखरेचा. खाणं दुपारी देऊ म्हणणं चालणार नाही, गोळी चालू असलेला माणूस चक्कर येऊन पडला तर गावात तुमचा अभ्यास तिथेच संपला. थंड पेटी सावलीत ठेवा आणि प्रयोगशाळेपर्यंतच्या रस्त्याचा वेळ आधी गाडीने मोजून घ्या.

बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. किती, हे सल्ला गट सांगेल. तालुक्यातली अर्ध्या दिवसाची चालू मजुरी हा साधा पाया. सगळ्यांना सारखी, रोख, पावतीवर, आणि अर्ध्यातून उठून गेलेल्यालाही. भरपाई इतकी मोठी नको की आजारपण अंगावर काढून माणूस येईल. वस्तू वाटायच्या असतील तर निवड न झालेल्या घरांचा विचार आधी करा: शेजारणीला स्टीलचा डबा मिळाला आणि मला नाही, हे भांडण वर्षभर पुरतं. निवड न झालेल्यांसाठी शेवटच्या दिवशी सर्वांना खुलं रक्तदाब-साखर तपासणीचं शिबिर ठेवलं तर गावातला ताण उतरतो. त्या नोंदी अभ्यासात मिसळायच्या नाहीत.

तुमच्या अभ्यासात तुलना गट नाही, पण पुढे कधी काही गावांत उपाय आणि काही गावांत नाही अशी मांडणी केली तर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला अनुभव ध्यानात ठेवा. १९९९ मध्ये तिथे सुरू झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत ५२ गटांत विभागलेल्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. या कर्करोगामागचा विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी एकदाच केली तरी मृत्यू कमी होतात हे त्यातून जगाला कळलं. पण तुलना गटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. ‘तुमच्या गावाला यातलं काय मिळणार नाही आणि कधी मिळेल’ हे तुलना गटातल्या गावाच्या बैठकीत पहिल्याच दिवशी सांगता येत नसेल, तर ती मांडणी गावासमोर टिकणारी नाही.

निकालाचं ठरवल्याशिवाय रक्त घेऊ नका. रक्तदाब १८०/११० किंवा वर, साखर ३०० च्या वर किंवा ७० च्या खाली, असे आकडे आल्यावर त्याच दिवशी काय करायचं, कुणाच्या गाडीने कुठे न्यायचं, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर लेखी ठरवा. बाकीच्यांचे निकाल १५ दिवसांच्या आत, बंद पाकिटात, घरी जाऊन, वाचून. आणि त्याआधी केंद्रातला अॅम्लोडिपिन (रक्तदाबाची गोळी) आणि मेटफॉर्मिनचा (मधुमेहाची गोळी) साठा बघा. १२ गावांत नवे रुग्ण निघाले आणि केंद्रात गोळ्या संपल्या, तर लोक म्हणतात, ‘आजार सांगून गेले.’ तिथून पुढे दुसऱ्या फेरीला कुणी दार उघडत नाही.

गावाचा एकत्रित निकाल ग्रामसभेत सांगा, पण वस्तीवार फोड करू नका. ५० जणांत एखाद्या गोष्टीचे दोन-तीन जण असतील तर गाव दहा मिनिटांत नावं लावतं. पाचपेक्षा लहान आकडा बोलायचाच नाही. त्यापेक्षा रक्तदाब असलेल्या किती जणांना तो आधी माहीतच नव्हता हे सांगा, त्यावर गाव बोलतं.

वर्षाने माणसं पुन्हा सापडावीत याची तयारी पहिल्याच दिवशी करावी लागते. दोन फोन नंबर घ्या, दुसरा त्याच घरातला नको, भावाचा किंवा माहेरचा हवा. बीडमध्ये नंबर वारंवार बदलतात, म्हणून ऊसतोडीच्या घरांसाठी कुठल्या पट्ट्यात जाता आणि साधारण केव्हा परतता, एवढं लिहून घ्या. टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं नाव नोंदवा, पण त्याच्यामार्फत निरोप पाठवू नका. उचल घेतलेलं जोडपं मुकादमाला ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि आजार त्याला कळला तर पुढच्या हंगामात त्यांची कोयता धरायची संधी जाऊ शकते. मधल्या काळात दर तीन महिन्यांनी एक फोन, तोही काही मागायला नव्हे: गोळी चालू आहे का, केंद्रात मिळते का. पहिल्या दोन गावांतल्या ३८ जणांनाही हे फोन सुरू करा, आणि एप्रिलमध्ये त्या गावांत नव्या यादीने, नव्या चिठ्ठीने पुन्हा जा. नोव्हेंबरात काय चुकलं हे तिथल्या बैठकीत आधी सांगा, कारण ते त्यांना माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे की नाही, याचीच ते वाट बघत असतील.